'घरचा आहेर' की 'आयतं कोलीत'?

प्रश्न: अमेरिकेतल्या १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर लिहितोय आणि दोन ठिकाणी अडलोय. पहिलं, 'नॉमिनी'. तसंच ठेवलं तर वाचकाला विम्याची पॉलिसी आठवते. दुसरं, प्रायमरीत एकाच पक्षाचे लोक एकमेकांवर तुटून पडतात आणि तेच आरोप पुढे जिंकणाऱ्याला भोवतात. याला 'घरचा आहेर' म्हणता येईल का?

प्रतिसाद: नॉमिनीला आपल्याकडे शब्द तयार आहेत. तिकीट मिळेपर्यंत 'इच्छुक', मिळालं की 'उमेदवार'. प्रायमरी मात्र प्रायमरीच राहू द्या. 'प्राथमिक निवडणूक' म्हटलं की जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांपुढे येते, आणि 'पक्षांतर्गत निवडणूक' म्हटलं की तालुकाध्यक्षाची. आपल्याकडे इच्छुक पक्ष कार्यालयात मुलाखत देऊन येतात आणि एबी फॉर्म कोणाला मिळाला ते शेवटच्या दिवशी कळतं. तिथे सामान्य मतदार केंद्रावर जाऊन पक्षाचा उमेदवार ठरवतात. मुळात वस्तूच नाही, तर शब्द कुठून येणार?

प्रतिसाद: 'घरचा आहेर' अर्धाच बसतो. आपल्याच माणसानं चारचौघांत सुनावलं की वर्तमानपत्रं हा मथळा देतात. पण आहेर ज्याला मिळाला त्याच्यापाशीच राहतो. तुम्हाला सांगायचंय ते त्याच्या पुढचं, म्हणजे टीका घराबाहेर गेली आणि परक्यानं वापरली. त्याला 'विरोधकांच्या हाती आयतं कोलीत'.

कोलीत म्हणजे चुलीतलं अर्धवट जळलेलं, पेटतं लाकूड. आमच्या आजोळी काडेपेटी संपली की शेजारीण विस्तव मागायला यायची. आजी चुलीतून एक कोलीत ओढून द्यायची आणि ती ते पदरापासून लांब धरून अंगणातून पळत जायची. लाकूड आमचं, चूल तिची पेटायची. तुमच्या १९८८ मध्ये हेच झालं. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रायमरीआधीच्या वादचर्चेत अल गोर यांनी आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या मायकेल डुकाकिस यांना मॅसॅच्युसेट्समधल्या कैद्यांच्या सुट्टीवरून ('फर्लो') छेडलं. डुकाकिस तिथले गव्हर्नर होते. गोर यांनी कोणाही कैद्याचं नाव घेतलं नव्हतं. रिपब्लिकनांच्या संशोधकांनी तो धागा पकडला, विली हॉर्टनचं प्रकरण खणून काढलं आणि उन्हाळ्यापासून रिपब्लिकन उमेदवार थोरल्या बुश यांचा डुकाकिस यांच्याविरुद्धचा प्रचार त्यावर पेटला. हॉर्टन हा कैदी सुट्टीवर सुटून परतलाच नव्हता आणि मेरीलँडमध्ये त्यानं एका जोडप्यावर अत्याचार केले होते. त्यात तो कृष्णवर्णीय, त्यामुळे पुढच्या जाहिरातींना वर्णद्वेषाचा वास होता. ही सुट्टीची योजना १९७२ मध्ये एका रिपब्लिकन गव्हर्नरच्याच काळात सुरू झाली होती, पण ते ऐकायला तोवर कोणाला सवड नव्हती. बुश यांनी ५० पैकी ४० राज्यं जिंकली. हरण्याची कारणं आणखीही होती, सगळं गोर यांच्या माथी मारू नका.

जाता जाता, 'फर्लो'चं 'आठवडी रजा' करू नका. आपल्या तुरुंग खात्यात फर्लो म्हणजे 'संचित रजा', पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा'.

प्रतिसाद: कोलीत पटलं, पण दर वेळी आग लागत नाही. १९८० मध्ये याच बुश यांनी प्रायमरीत आपल्याच पक्षाच्या रेगन यांच्या अर्थधोरणाला 'व्हूडू' म्हटलं होतं. (मी असतो तर 'भानामती' लिहिलं असतं.) विरोधातले डेमोक्रॅट कार्टर यांच्या बाजूनं ते वापरून पाहिलं गेलं, तरी रेगन निवडून आले, आणि भानामती म्हणणारे बुश त्यांचे उपाध्यक्ष! इथे 'घरचा आहेर' चपखल. उलट २०१२ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत रिक पेरी यांनी प्रतिस्पर्धी रॉमनी यांच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला गिधाडांची उपमा दिली आणि डेमोक्रॅट ओबामांच्या प्रचारानं उन्हाळाभर त्याच कंपनीवर जाहिराती चालवल्या. ते कोलीत.

प्रतिसाद: मग 'बंडखोर' का नको? शेवटी उमेदवाराला पाडतो तो तोच.

प्रतिसाद: नको. आपला बंडखोर अपक्ष अर्ज भरून मतं खातो. तिथे प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत वेगळं उभं राहायला बहुतेक राज्यांत कायदाच आडवा येतो. तो बिचारा विजेत्याच्याच मंचावर हात वर करून उभा राहतो. खाली विरोधकांच्या जाहिरातीत मात्र त्याचंच मार्चमधलं भाषण चालू.

मूळ प्रश्नकर्ता: ठरलं. बुश-रेगनला आहेर, गोर-डुकाकिसला कोलीत. 'आयतं' ठेवू का काढू? रिपब्लिकनांनी खणायचे कष्ट तर घेतलेच होते.

प्रतिसाद: काढा.