'ताय' म्हणजे उसनं देणं की उसनं घेणं?

चिनीतलं हे अक्षर देण्याचं पण आहे आणि घेण्याचं पण. रोमनमधे डी ने लिहितात म्हणून बरेच जण 'दाय' वाचतात, पण बीजिंगच्या माणसाच्या तोंडी ते 'ताय'च्या जास्त जवळ जातं, आणि चौथा सूर असल्यामुळे आवाज वरून झपकन खाली येतो. कँटनीजमधे 'थाय', जपानीत 'ताइ', कोरियनमधे 'दे'. अक्षरात वर 'बदली, ऐवजी' अर्थाचं अक्षर आहे ते उच्चारासाठी, आणि खाली शिंपला, म्हणजे कवडी, जुनं चलन. पैशाअडक्याच्या बऱ्याच अक्षरांत हा शिंपला सापडतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते च्वांगत्सू या प्राचीन चिनी ग्रंथातलं उदाहरण. घरात गरिबी, म्हणून ग्रंथ ज्याच्या नावाचा तो च्वांगत्सू एका सरदाराकडे धान्य उसनं मागायला जातो, तिथे क्रियापद 'ताय'. सरदार म्हणतो हो देतो की, जहागिरीचा वसूल येऊ दे मग तुला 300 सुवर्ण देतो, तिथेही क्रियापद 'ताय'च! लागोपाठच्या वाक्यांत मागणं पण तेच, देणं पण तेच, आणि तरी गोंधळ होत नाही कारण पहिल्या वाक्यात सरदाराच्या आधी 'यू' हा छोटासा शब्द आहे, तो आपल्या 'कडून'चं काम करतो. दुसऱ्यात तो नाही, सरळ 'ताय तुला 300 सुवर्ण'.

इ.स. 100 च्या सुमाराच्या श्वोवन या चिनी कोशात मात्र वाटणी केलेली दिसते. 'ताय' म्हणजे देणं, आणि त्याच्यासारखंच दिसणारं, फक्त डावीकडचा 'माणूस' नसलेलं दुसरं अक्षर म्हणजे लोकांकडे मागणं.

आता रोजच्या बोलण्यात पेन, छत्री, पुस्तक मागायला वेगळं अक्षर आहे, 'च्ये', तेही दोन्हीकडे चालतं. 'ताय' उरलं बँकेच्या भाषेत, 'तायख्वान' म्हणजे कर्ज. जपानीने मात्र स्वच्छ वाटणी केली, 'ताय'चं अक्षर 'कासु' म्हणजे उसनं देणं, 'च्ये'चं अक्षर 'कारिरु' म्हणजे घेणं. फुकुझावा युकिची या जपानी विचारवंताने 1873 मधे हिशेबाचं पुस्तक भाषांतरित केलं त्यात हीच जोडी वापरली, आपल्या नावे-जमा सारखी: नावेला घेण्याचं अक्षर, जमेला देण्याचं. आपल्या बाजूने वाचलं तर उलटं वाटेल, समोरच्याच्या बाजूने वाचायचं, त्याने आपल्याकडून घेतलं की त्याच्या नावे. चीनमधेही आज नावे-जमेला हीच दोन अक्षरं आहेत.

अजून दोन अर्थ आहेत, ते शिकणाऱ्याला हमखास अडवतात. 'यनछंग पू ताय' असं सरकारी सूचनेत दिसलं तर तिथे कर्जाचा काही संबंध नाही, 'कडक शिक्षा होईल, गय केली जाणार नाही' एवढाच अर्थ. आणि 'च वू फांग ताय' म्हणजे दुसऱ्यावर ढकलता येणार नाही अशी जबाबदारी.