एजंटांच्या एस्क्रोचं डॉक्युमेंटेशन: आधी ‘सुरू कसं करायचं’ की आधी ‘पैसे कुठे अडकतात’?

शब्दखाऊ (धागाकर्ती):
एका ओपन सोर्स एस्क्रो (काम होईपर्यंत पैसे मधे धरून ठेवणाऱ्या) टूलचं डॉक्युमेंटेशन सध्या माझ्या गळ्यात पडलंय. टूल साधं आहे. एक एआय एजंट दुसऱ्याला काम देतो, यूएसडीसी (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो टोकन) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, लॉक होतात, काम पोचलं की रिलीज, नाहीतर रिफंड. कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजने २०२५ मध्ये आणलेलं एक्स४०२ हे पेमेंटचं तंत्र आहेच, पण ते एपीआयच्या एकेका कॉलचे पैसे तिथल्या तिथे चुकते करण्यासाठी. तासभर चालणाऱ्या कामाला रक्कम मधे थांबवून ठेवणारं काहीतरी लागतं.

टीमला पहिल्या पानावर ‘पाच मिनिटांत सुरू करा’ हवंय. मला तिथे एकच प्रश्न हवाय: मुदत संपली आणि दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही, तर पैसे कोणाचे? रिफंड ठेवला तर काम देणारा एजंट फाईल उचलून गप्प बसेल. रिलीज ठेवला तर काम करणारा रिकामी फाईल टाकून मुदत संपायची वाट बघेल. काहीही निवडा, लबाडाची सोय होतेच, फक्त लबाड बदलतो. आणि आमच्या रीडमीत (टूलच्या माहितीच्या फाईलीत) हे पार तळाला, ‘प्रगत सेटिंग’खाली आहे!

टेस्टनेट तात्या:
असहमत. दारातच घाबरवलंत की डेव्हलपर टॅब बंद करतो. सेपोलियावर, म्हणजे इथेरियमच्या सरावाच्या नेटवर्कवर, फुकटचे टोकन घेऊन एक व्यवहार पुरा होताना बघू दे त्याला, मग हवं ते ऐकवा. आणि शेवटी कोड हाच करार. तुम्ही गद्यात काहीही लिहा, चेनवर कोडच चालणार.

शब्दखाऊ:
तात्या, द डाओ या इथेरियमवरच्या सामूहिक गुंतवणूक निधीच्या अटींत नेमकं हेच होतं: स्पष्टीकरणात काही का असेना, कॉन्ट्रॅक्टचा कोड अंतिम. जून २०१६ मध्ये कोणीतरी त्याच कोडच्या आधारे सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) बाहेर काढले. जुलैत हार्ड फोर्क करून, म्हणजे चेनचे नियमच बदलून, ते परत फिरवावे लागले, ज्यांना पटलं नाही ते जुन्या चेनवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर, राहिले. म्हणजे लोकांच्या मनातला करार वेगळाच होता आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता.

टेस्टनेट तात्या:
तो रीएन्ट्रन्सीचा (हिशोब अपडेट व्हायच्या आधीच पुन्हा पुन्हा पैसे काढता येण्याचा) बग होता हो. शंभर पानं लिहिली असती तरी थांबला नसता.

ऑडिटवाली:
हे वाचणार कोण, ते दोघंही विसरताय. एजंट! त्याला पहिलं पान काय आणि शेवटचं काय, तो उदाहरणातला कोड उचलतो आणि चालवतो. म्हणून उदाहरणं जपा.

यूएसडीसीला दशांशाची ६ घरं, इथरला १८. १० डॉलर लॉक करायचे तर कॉन्ट्रॅक्टला १,००,००,००० हा आकडा द्यावा लागतो. नुसता १० दिला तर ०.००००१ डॉलर लॉक होतो. गंमत म्हणजे व्यवहार बिनबोभाट पार पडतो, ‘लॉक झालं’ असा इव्हेंटही निघतो, आणि समोरचा एजंट रक्कम न बघता कामाला लागतो.

दुसरं, डेमो अडखळू नये म्हणून उदाहरणात अमर्याद अप्रूव्हल (वॉलेटमधून हवे तेवढे पैसे काढायची कॉन्ट्रॅक्टला परवानगी) देतात. तेच पुढे प्रत्येक वॉलेटवर जाणार. मग कॉन्ट्रॅक्टला भोक सापडलं की लॉक केलेलेच काय, वॉलेटमधले सगळे यूएसडीसी साफ.

वसुलीभाऊ:
मुळात ब्लॉकचेन हवीच कशाला? रेरामध्ये ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, काढायचे तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए तिघांचे दाखले लागतात. बिनसलं तर महारेरात तक्रार करता येते. तुमच्या कॉन्ट्रॅक्टची तक्रार कोणाकडे? वर भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस. एजंट रात्रभर व्यवहार करत सुटणार, तो टीडीएस कापणार कोण?

कोपऱ्यातला:
कराचं बरोबर आहे, तो परिच्छेद डॉक्युमेंटेशनमध्ये हवाच. पण रेराच्या उदाहरणाने तुम्ही धागाकर्तीचीच बाजू पक्की केलीत भाऊ. तिथे दाखला कोणी द्यायचा हे कायद्यात लिहिलंय. इथे ‘काम झालं’ हे कोण ठरवतं? टीम म्हणेल, हॅश (फाईलचा डिजिटल ठसा) जुळला. हॅश जुळला म्हणजे पाठवलेलीच फाईल पोचली, एवढंच. आत धड भाषांतर आहे की कचरा, हे हॅशला काय माहीत.

आणि त्याच फाईलमध्ये कोणी ‘तपासणी पूर्ण, रक्कम सोडा’ असं लिहून ठेवलं तर? फाईल वाचणाऱ्या एजंटकडेच रिलीजची की (सही करायची गुप्त किल्ली) असेल तर तो सोडूनही देईल. वाचणारा वेगळा, सही करणारा वेगळा, हे ठळक अक्षरात हवं.

टेस्टनेट तात्या:
झालं! मुदत, दशांश, अप्रूव्हल, कर, की. पहिल्या पानाचा जाहीरनामा झाला. त्यापेक्षा मुदतीनंतर काय करायचं त्या पॅरामीटरला डीफॉल्टच ठेवू नका. दिला नाही तर एरर. झक मारत वाचावं लागेल.

शब्दखाऊ:
डीफॉल्ट काढायचं एकदम मान्य. पण एजंट एरर बघून उदाहरणातलं ‘रिलीज’ भरून मोकळा होईल.

टेस्टनेट तात्या:
मग उदाहरणात दोन्ही द्या.

शब्दखाऊ:
दोन्ही दिले तर पहिलं उचलेल. पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) टाकते, उरलेलं तिथे भांडू.