कट्यार पहिली की पहिलं? साठच्या दशकातली संगीत नाटकं आणि आपले शब्द

नाशिकच्या आमच्या नाटकवेड्या मंडळींनी साठच्या दशकातल्या आवडत्या संगीत नाटकांची क्रमवारी लावायला घेतली आणि पहिल्याच नावावर गाडं अडलं. नावाबद्दल फारसा वाद नव्हता, अडलं ते व्याकरणात. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाबद्दल एका काकांनी लिहिलं, "कट्यार पहिली." त्यावर एका ताईंचं उत्तर, "काका, पहिलं म्हणा. पहिलं नाटक आलंय, कट्यार नव्हे." तिथून चर्चा वाढत वाढत दशक, पद, गाजणं अशा सगळ्या शब्दांवर गेली. त्यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते इथे मांडतोय. भर घाला, पटलं नाही तर खोडून काढा.

नाटकाच्या नावाचं लिंग

'नाटक' नपुंसकलिंगी, तेव्हा प्रत्येक नाटक 'पाहिलं'च, हा ताईंचा नियम सुटसुटीत आहे, पण बोलण्यात तो टिकत नाही. 'एकच प्याला पाहिलं' असं कोणी म्हणत नाही. प्याला पाहिला. कट्यार पाहिली. सौभद्र पाहिलं, मानापमान पाहिलं. म्हणजे नावातला मुख्य शब्द ज्या लिंगाचा, त्याच्यामागे क्रियापद जातं.

मग 'मत्स्यगंधा'चं काय? इथे मला एक गंमतशीर भेद दिसतो. नाव वस्तूचं असेल तर आपण बिनदिक्कत त्याचं लिंग घेतो, पण माणसाचं असेल तर बिचकतो. 'काल मत्स्यगंधा पाहिली' म्हटलं की कोणी मुलगी पाहून आल्यासारखं वाटतं, म्हणून पुष्कळ जण नकळत 'पाहिलं'कडे वळतात. 'शारदा पाहिलं', 'पंडितराज जगन्नाथ पाहिलं' हे त्यातलंच. 'पंडितराज पाहिला' तर कानाला अगदीच टोचतं, कारण एकेरीही होतं. 'मंदारमाला' वस्तूही आणि नायिकेच्या नावासारखंही, म्हणून तिथे दोन्ही ऐकू येतं. 'ययाति आणि देवयानी' ही दोन नावं, 'जय जय गौरीशंकर' हा जयघोष आणि 'लेकुरे उदंड जाली' हे तर आख्खं वाक्य. तिथे 'पाहिलं'शिवाय गत्यंतर नाही.

यातल्या 'जाली'वरही एकाने हरकत घेतली, की छापताना चूक झाली का, 'झाली' हवं. चूक नाही. हे दासबोधातले शब्द आहेत, 'लेंकुरें उदंड जालीं' असा तिथला एक समास, म्हणजे प्रकरण, सुरू होतो, आणि 'जाली' हे जुन्या मराठीचं सरळ रूप आहे. कोणी जाहिरातीत 'झाली' करून टाकलं तर कृपया तिथल्या तिथे सांगा.

थोडक्यात, 'कट्यार पहिली, मत्स्यगंधा दुसरं' ही यादी मला पूर्ण शुद्ध वाटते. एकाच यादीत लिंग बदलतं म्हणून ती बिघडत नाही.

साठचं दशक की सातवं दशक

हा वाद नुसता शब्दांचा नाही, त्यावर नाटकं आत येतात नि बाहेर जातात. 'साठचं दशक' म्हटलं की 1960 ते 1969. 'सातवं दशक' म्हटलं की 1961 ते 1970. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' 1960 चं, ते पहिल्यात बसतं आणि दुसऱ्यातून निसटतं. नाशिकच्याच शिरवाडकरांच्या 1970 च्या 'वीज म्हणाली धरतीला'चं बरोब्बर उलट. त्यातलं 'चार होत्या पक्षिणी त्या' हे गाणं ज्याच्या कानात बसलंय तो नाशिककर सातव्या दशकाचा आग्रह धरणार, हे ओघानेच आलं. 'साठोत्तरी' हा तिसरा शब्द साहित्यातल्या प्रवाहासाठी रुळला आहे, तो इथे ओढू नये. मी साठचं दशक धरलंय, कारण बोलण्यात तेच आहे.

'संगीत' नाटक म्हणजे नेमकं कुठलं

सगळ्यात जास्त खडाजंगी इथे झाली. कोणीतरी यादीत 'विच्छा माझी पुरी करा' घातलं. 1965 सालचं, वसंत सबनिसांचं, दादा कोंडक्यांनी गाजवलेलं, गाण्यांनी भरलेलं. मग ते संगीत नाटक का नाही?

'संगीत' हा शब्द शास्त्रात फार ऐसपैस आहे. 'संगीतरत्नाकर' या जुन्या संस्कृत ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हटलंय. त्या अर्थाने 'विच्छा'चा हक्क 'पंडितराज'पेक्षाही मोठा ठरेल, कारण तिथे तिन्ही आहेत. पण मराठी रंगभूमीवर हा शब्द 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'बरोबर एका वेगळ्या, अरुंद अर्थाने बसला: पात्रं स्वतः गातात, आणि ते गाणं रागदारीच्या वळणाचं असतं. तेव्हापासून 'संगीत' हे नाटकाच्या नावाला लागणारं बिरुद झालं. 'संगीत सौभद्र', 'संगीत शारदा', 'संगीत मत्स्यगंधा'. 'विच्छा'च्या नावाला ते कधी लागलं नाही. तिची जात वगनाट्याची, म्हणजे तमाशाच्या वळणाच्या नाटकाची. गण, गौळण, बतावणी, वग ही तिची स्वतःची मांडणी आहे आणि त्या मांडणीला स्वतःचा मान आहे. तिला संगीत नाटकांच्या पंगतीत बसवणं म्हणजे तिचा सन्मान, असं समजायचं कारण नाही. वगनाट्यांची यादी वेगळी करा, 'विच्छा' तिथे अग्रभागी येईल.

या शब्दाची दुसरी बाजू म्हणजे 'गद्य नाटक'. गद्य हे पद्याच्या विरुद्ध, असं शाळेत शिकतो. नाटकवाल्यांच्या बोलीत मात्र गद्य हे 'संगीत'च्या विरुद्ध आहे. 'नटसम्राट'मधली स्वगतं कवितेच्या किती जवळची आहेत, पण ते गद्य नाटक, कारण त्यात पदं, म्हणजे नाटकातली गाणी, नाहीत. हा फरक नव्या वाचकाला सांगावा लागतो. हल्ली कोणी 'सांगीतिक नाटक' लिहितं. माझा त्याला विरोध आहे. 'सांगीतिक' कार्यक्रमाला लावा, वारशाला लावा. नाटकाला 'संगीत' पुरे, तो शब्द दीडशे वर्षांच्या घरात आलाय. आणि 'संगीतिका' ही तर पूर्ण गाण्यातूनच सांगितलेली, आकाशवाणीमुळे माहीत झालेली वेगळी चीज. तिच्यात गद्य संवादाला जागा जवळपास नसते.

वसंत कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाली'ने (1966) मात्र हे कुंपण खरोखर हलवलं. पौराणिक नाही, ऐतिहासिक नाही, घरातली माणसं. बोलता बोलता ती गाण्यात शिरतात आणि गाता गाता बोलायला लागतात, बैठकीची तान नाही. काही मंडळी त्याला 'म्युझिकल' म्हणून बाजूला काढतात. मी त्याला संगीत नाटकच म्हणतो. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी त्याच नाटकवेडाने त्याला चाली दिल्यात.

पद, गाणं, नाट्यगीत

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडून पाहा. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग, ताल आणि 'चाल' छापलेली असते, म्हणजे कुठल्या माहीत असलेल्या गाण्याच्या वळणावर हे म्हणायचं. किर्लोस्करांच्या नाटकात तर डोक्यावर 'साकी', 'दिंडी' असंही लिहिलेलं सापडतं. साकी नि दिंडी हे छंदाचे प्रकार, आणि पद हा त्यांच्या शेजारचा आणखी एक. पुढे साक्या-दिंड्या मागे पडल्या आणि 'पद' हा नाटकातल्या सगळ्याच गाण्यांचा शब्द झाला.

पद 'म्हणतात' किंवा 'घेतात'. 'अमुकने पद काय घेतलंय!' हे ऐकलं की बोलणारा जुना रसिक, हे ओळखावं. तेच पद रंगमंचावरून उतरून मैफलीत किंवा रेडिओवर गेलं की 'नाट्यगीत' होतं, आणि अशा गाण्यांच्या सगळ्या शैलीला 'नाट्यसंगीत' म्हणतात. हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरणं मला पटत नाही. पदाला प्रसंग असतो, कोण कोणाला म्हणतंय हे असतं. नाट्यगीताला ते लागत नाही.

याचा सगळ्यात चांगला दाखला 'मत्स्यगंधा'त आहे. 'गर्द सभोवती रान साजणी तू तर चाफेकळी' ही बालकवींची कविता. बालकवी 1918 ला गेले, नाटक आलं 1964 ला. कितीतरी वर्षं ती पुस्तकातली कविता होती. अभिषेकींची चाल मिळाली, पराशर-सत्यवतीच्या प्रसंगात जागा मिळाली आणि ती पद झाली. अक्षरही न बदलता. 'पद' हा शब्द रचनेचा नाही, जागेचा आहे, असं मी यावरून म्हणतो.

'गाजलेलं' आणि 'रंगलेलं'

क्रमवारीत हा घोळ सर्वाधिक झाला. 'ययाति आणि देवयानी' (1966) पहिल्या तीनात हवंच, का तर 'हे सुरांनो चंद्र व्हा', का तर 'सर्वात्मका सर्वेश्वरा'. ही पदं ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांतल्या कित्येकांनी नाटक पाहिलेलंच नाही, वाचलेलंही नाही. त्यांच्यासाठी ती नाट्यगीतं आहेत. पद गाजलं म्हणजे नाटक गाजलं असं नाही, आणि नाटक गाजलं म्हणजे प्रयोग रंगला असंही नाही. गाजणं बाहेर, लोकांच्या तोंडी असतं. रंगणं त्या रात्री, त्या नाट्यगृहात असतं. 'कालिदासला (आमचं नाशिकचं नाट्यगृह) काल प्रयोग रंगला' असं आपण म्हणतो, 'काल प्रयोग गाजला' असं कोणी म्हणत नाही. मराठीने हा भेद किती नेमका करून ठेवलाय!

'वन्समोअर'ही इथलाच. तो प्रेक्षक 'देतात', गायक 'घेतो' आणि पदाला तो 'मिळतो'. तिन्ही क्रियापदं वेगवेगळ्या बाजूंनी आहेत. वन्समोअर पदाला मिळतो, नाटकाला मिळत नाही, म्हणून त्यावर नाटकाचा क्रम ठरवू नये.

आणि 'अजरामर' हा शब्द काही काळ बाजूला ठेवू या. प्रत्येक नाटकापुढे तो आला की कुठल्याच नाटकाबद्दल काही सांगितलं जात नाही.

क्रमवारी की पसंतीक्रम

'क्रमवारी' म्हटलं की काहीतरी मोजून ठरवलंय असा भास होतो. आपण करतोय तो पसंतीक्रम. हा शब्द निवडणुकीच्या मतपत्रिकेतून आणि प्रवेशाच्या अर्जातून आलाय म्हणून तो रुक्ष वाटतो खरा, पण 'पसंती' त्यात उघड सांगितलेली आहे, म्हणून मला तोच प्रामाणिक वाटतो.

माझी कसोटी एकच: पदं काढून घेतली तर नाटक उभं राहतं का? उभं राहिलं, तर पदं दागिना आहेत. कोसळलं, तर ते खरं संगीत नाटक.

या कसोटीवर 'कट्यार काळजात घुसली' (1967) पहिली. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी गायकीच्या दोन घराण्यांचं भांडण लिहिलंय आणि ते भांडण गाण्यातूनच दिसतं. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत येतं, एक पंडितजींच्या गळ्यातून, एक खाँसाहेबांच्या. शब्द तेच. पंडितजी झालेल्या भार्गवराम आचरेकरांचं शांत गाणं आणि खाँसाहेब झालेल्या वसंतराव देशपांड्यांचं उसळणारं गाणं शेजारी ठेवलं की दोन माणसं, दोन स्वभाव, दोन विद्या समोर उभ्या राहतात, त्यासाठी संवादाची एक ओळ लागत नाही. 'या भवनातील गीत पुराणे' हे पदही पाहा. जुने मवाळ हळवे सूर इथून दूर जाऊ द्या, असं खाँसाहेब जिंकलेल्या हवेलीत गातात. तो घराचा ताबा घेणं आहे, गाण्याने घेतलेला. हे पद काढलं तर कथानकातली एक घटनाच नाहीशी होते.

'मत्स्यगंधा' दुसरं. आशालतांच्या 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा'शिवाय सत्यवतीचा शेवटचा रिकामेपणा शब्दांत मावणार नाही. तिसरं 'लेकुरे', ज्या कुंपणाबद्दल वर लिहिलं त्यासाठी. चौथी 'मंदारमाला' (1963), राम मराठ्यांच्या संगीतासाठी. तिथे गायकी कथेच्या पुढे धावते आणि मला ती धावलेली आवडते. पाचवं 'ययाति'. तिथे पदं नाटकाहून मोठी झाली, म्हणून माझ्या कसोटीवर ते खाली येतं, पदांची यादी असती तर सगळ्यात वर ठेवलं असतं. 'पंडितराज' आणि 'जय जय गौरीशंकर' त्यानंतर.

पाचांतली तीन नाटकं शिरवाडकर ('ययाति') आणि कानेटकरांची ('मत्स्यगंधा', 'लेकुरे'), म्हणजे आपल्याच गावात राहून लिहिलेल्या दोघांची. हे मी गावाच्या अभिमानाने केलं असा आरोप झालाय. अभिमान आहेच. पण कसोटी लावून तुमचा पसंतीक्रम काढा आणि ती तीन कुठे येतात ते मला कळवा.

एक शब्द अजून सुटलेला नाही. जुनी माणसं 'प्रयोग'ऐवजी 'खेळ' म्हणत. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे 'शारदे'चा खेळ चालू होता, असं आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. त्यांच्या बोलण्यात 'प्रयोग' येत नाही. शहरात आता संगीत नाटकाचा 'प्रयोग' आणि तमाशाचा 'खेळ' अशी वाटणी झालेली दिसते. येवला, सिन्नर, मालेगावकडच्या मंडळींनी सांगावं, तुमच्याकडे नाटकालाही अजून 'खेळ' म्हणतात का? आणि वगनाट्याच्या बाबतीत, 'विच्छा पाहिली' की 'विच्छा पाहिलं'?