विशालकोन म्हणजे मोठा काढलेला कोन? लघु, विशाल आणि काटकोनातला 'काट'

प्रश्न (चौथीतल्या मुलीची आई)
लेकीने वहीत दोन कोन काढले. एक ४०° चा, पण भुजा पानभर लांब. दुसरा १२०° चा, भुजा नखाएवढ्या. पहिल्याखाली लिहिलं 'विशालकोन', दुसऱ्याखाली 'लघुकोन'. चूक दाखवली तर म्हणाली, "आई, हा केवढा विशाल आहे बघ तरी!" मला उत्तर सुचलं नाही. शब्दाप्रमाणे पाहिलं तर तिचं बरोबरच आहे की! आणि काटकोनातला 'काट' कुठला? तिच्या मते टोचतो म्हणून काटकोन.

एक शिक्षिका
निम्मी चूक शब्दाच्या पदरात घाला. हिंदीत न्यूनकोण आणि अधिककोण म्हणतात. कमी किंवा जास्त म्हटलं की 'कशापेक्षा?' हा प्रश्न आपोआप येतो, आणि उत्तर काटकोन. आपल्या लघु-विशालमध्ये ती तुलना गळून पडते. गुजरातीतही लघुकोण-गुरुकोण आहेत, म्हणजे तिथल्या आयांनाही हा ताप असणार. इंग्रजी शब्दांचा मूळ अर्थ टोकदार आणि बोथट असा आहे, तो मला जास्त आवडतो, कारण बोट लावून पाहता येतं.

वर्गात मी रद्दी कागदाला एक घडी घालायला लावते, मग घडीची कड घडीवरच येईल अशी दुसरी. कागद कसाही फाटलेला असो, कोपरा ९०° चाच मिळतो. तो कोनाच्या शिरोबिंदूवर ठेवून एक कड भुजेला लावायची. दुसरी भुजा कागदाखाली लपली तर लघुकोन, बाहेर राहिली तर विशालकोन.

भुजांच्या लांबीचं कोडं मराठीच सोडवते. भुजा म्हणजे हात. हात कोपरात दुमडायचा, की कोपर झाला शिरोबिंदू. बाबांचा हात लांब, लेकीचा आखूड, तरी दोघांनी सारखाच दुमडला तर कोन सारखाच. हे एकदा अंगाने केलं की पानभर लांब भुजांचं कौतुक संपतं.

बांधकामावर आयुष्य गेलेले एक आजोबा
'काट' म्हणजे आडवा छेद. शब्दावर काट मारतो ना आपण, तोच. रेघेला आडवी, सरळ छेदणारी रेघ, त्यांच्यातला कोन तो काटकोन, असा मी अर्थ लावतो. गुजराती मिस्त्री काटखूणो म्हणायचे. काट्याचा संबंध नाही, पण नातीला एवढ्यात सांगू नका, तिची कल्पना छान आहे.

आमच्याकडे 'काटकोन' कोणी म्हणत नसे. "भिंत गुण्यात आहे का?" असं विचारायचं. मोठ्या जोत्याला गुण्या पुरत नाही, तेव्हा एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजायचे, आणि तिरकं अंतर बरोबर ५ भरलं की कोपरा गुण्यात.

शिक्षिका, पुन्हा
'काट मारणे' वरून आठवलं. समान बाजू दाखवायला आकृतीत बाजूवर छोटी आडवी रेघ मारतात. एका मुलाने त्या बाजू मोजल्याच नाहीत, "त्यांना काट मारलीय" म्हणून! खुणा वाचायला शिकवाव्याच लागतात. कोपऱ्यातला छोटा चौकोन म्हणजे ९०°. बाजूंवर बाणाची टोकं असली तर त्या समांतर. कमानीची चूक तर घरोघरी: मोठी कमान म्हणजे मोठा कोन, असं मुलं धरतात. कमान फक्त 'हा कोन' एवढंच सांगते. त्याच दोन भुजांमध्ये आत ६०° असेल तर बाहेरच्या बाजूने ३००° चा प्रविशालकोन असतो. कमान नसेल तर कुठला विचारलाय ते कसं कळणार?

आई
आणि ∠पफब? ती पहिल्या अक्षराला, प ला, शिरोबिंदू म्हणते.

शिक्षिका
बोट फिरवू द्या. प पासून निघायचं, फ ला वळायचं, ब ला पोचायचं. जिथे बोट वळलं तो शिरोबिंदू, म्हणून तो मधे लिहायचा. ∠बफप म्हटलं तरी कोन तोच, घरी परतीच्या वाटेने यायचं एवढंच.

आई
बोटाचं जमलं. कागदाच्या घडीने तर घरातलं एकही कपाट सुटलं नाही, देवघराचं दार गुण्यात नाही हा शोध लागला. मात्र नवा आक्षेप आहे: टोक खाली असलेल्या कोनाला 'शिरो'बिंदू का म्हणायचं, डोकं खाली असतं का? शीर्षासन म्हणून वेळ मारून नेली. तर लगेच, "डोकं आहे, हात आहेत, मग कान कुठाय?"

आजोबा
येतोय तोही. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. चौकोनाला दोन असतात.