इंदूर ते नाशिक टॅक्सी: एकतर्फी घ्यावी की जाऊन-येऊन? परमिट आणि बॉर्डरचं काय?

वैशालीनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरअखेरीस लग्नाला नाशिकला जायचं आहे. माणसं चार: आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सामानात दोन मोठ्या बॅगा, आहेराची एक पेटी आणि सासऱ्यांची घडीची व्हीलचेअर. सीमांतपूजन संध्याकाळी सहाला, त्यामुळे दुपारी तीनपर्यंत तरी पोचायलाच हवं. जाण्या-येण्यासकट पाच दिवस होतात.

तीन भाव आले आहेत. एक ट्रॅव्हल्सवाला सेडानला १२ रुपये किलोमीटर म्हणतो, "रोजचे २५० किमी मिनिमम, बाकी सगळं वेगळं". दुसरा एकतर्फी ७,००० सांगतो, टोल धरून. तिसरे ओळखीतले आहेत, घरची पांढऱ्या नंबरची गाडी आणि ड्रायव्हर देतो म्हणतात, ते सर्वांत स्वस्त आहे. यातलं कुठलं घ्यावं? महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो का? सेंधव्याच्या पुढे बॉर्डरवर गाडी अडवतात का?

एबीरोडवरचा

आधी हिशोब बघा ताई, कारण खरा फरक तिथेच आहे.

इंदूर ते नाशिक सुमारे ४१५ किमी, येऊन-जाऊन ८३०. "रोजचे २५० मिनिमम" म्हणजे पाच दिवसांचे १,२५० किमी तुमच्या बिलात लागणारच, गाडी नाशिकला मधले तीन दिवस उभी असली तरी. १२ च्या दराने १५,००० झाले. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, तो रोजचा ४०० धरला तर २,०००. म्हणजे १७,०००, आणि टोल-पार्किंग त्याशिवाय. दोन वेळा एकतर्फी घेतलीत तर १४,००० आणि टोल आत. पाच दिवसांच्या मुक्कामाला दोन एकतर्फी गाड्याच परवडतात.

तीन दिवसांत परत येणार असता तर उलटं झालं असतं. मिनिमम ७५०, प्रत्यक्ष ८३०, म्हणून ८३० चेच पैसे: ९,९६० आणि भत्ता १,२००. चौथ्या दिवसापासून तुम्ही उभ्या गाडीचे पैसे द्यायला लागता.

एक अपवाद मात्र आहे. १,२५० मधले ४२० किमी न वापरता उरतात. लग्नघरी पाहुण्यांची ने-आण, त्र्यंबकेश्वर, वणीचा गड, असं सगळं त्यात आरामात बसतं. नाशिकमध्ये रोज वेगळी गाडी करावीच लागणार असेल तर पाच दिवसांची गाडीही चूक नाही.

आता "बाकी सगळं वेगळं" यात काय लपतं ते विचारून घ्या. किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून? दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री धरणार की २४ तासांचा? रात्रीचा आकार बहुतेक जण १० ते ६ लावतात, म्हणजे पहाटे साडेपाचला निघालात तरी लागू शकतो. ५ टक्के जीएसटी आत की बाहेर? आणि एकतर्फीत टोल फक्त जातानाचा की गाडी रिकामी परत येईल तिचाही? तोंडी उत्तरावर थांबू नका. असा मेसेज पाठवा आणि "हो" लिहून घ्या:

"इंदूर वैशाली नगर ते नाशिक, घरापासून हॉलच्या दारापर्यंत, चार प्रवासी, एकतर्फी, एकूण ७,००० रुपये. यात टोल, राज्याचा टॅक्स, परमिट, ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा आकार, जीएसटी आले. पार्किंग आमचं. आगाऊ १,०००, बाकी पोचल्यावर."

"हॉलच्या दारापर्यंत" हे शब्द वगळू नका. एकतर्फीत नुसतं "नाशिक" लिहिलं की हॉल गंगापूर रोडच्या टोकाला निघाल्यावर जादा किलोमीटरवरून वाद होतो.

परवाना_खिडकी

परमिट आणि टॅक्सचं सांगतो.

टॅक्सीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल, तर तिला दुसऱ्या राज्यात शिरताना वेगळा प्रवेश-कर भरावा लागत नाही. ही पद्धत १ एप्रिल २०२१ पासूनची, पुढे २०२३ च्या नियमांनी तीच सुधारून चालू ठेवली. परमिटची फी गाडीमालक केंद्राच्या पोर्टलवर एकदम भरतो आणि राज्यांचा वाटा त्यातूनच जातो. म्हणून ज्या गाडीला हे परमिट आहे, तिचा ड्रायव्हर वाटेत "महाराष्ट्राचा टॅक्स द्या" म्हणून रोख मागत असेल तर देऊ नका.

गाडीला फक्त मध्य प्रदेशचं परमिट असेल, तर या फेरीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८(८) खालचा विशेष परवाना आणि महाराष्ट्राचा कर, दोन्ही लागतं. हेही ऑनलाइन होतं, पण निघायच्या आधी व्हायला हवं, आणि पावती गाडीत हवी. गडबड होते ती इथेच. मालक "रस्त्यात भरून टाकू" म्हणतो, मग पळासनेरच्या अलीकडे गाडी बाजूला लावून ड्रायव्हर फोनवर पोर्टल उघडत बसतो. रेंज नसली तर अर्धा-पाऊण तास तिथेच गेला.

बॉर्डरवर हल्ली फारसं काही घडत नाही. मध्य प्रदेशने आपले परिवहन नाके १ जुलै २०२४ पासून बंद केले, त्याऐवजी फिरती पथकं तपासतात. महाराष्ट्राच्या बाजूचा हाडाखेडचा नाका मुख्यतः मालगाड्यांसाठी. पिवळ्या नंबरची गाडी सहसा थांबवत नाहीत, पण थांबवली तर कागद पुरे हवेत.

आदल्या संध्याकाळी गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. वर्ग "मोटर कॅब" दिसला पाहिजे. फिटनेस (आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी), विमा, पीयूसी आणि परमिट, चारही तारखा तुमच्या परतीच्या दिवसापुढच्या हव्यात. निघताना गाडी बदलून आली तर नव्या नंबरचं हेच सगळं पुन्हा बघायचं, मगच सामान ठेवायचं. टुरिस्ट परमिटच्या गाडीत प्रवाशांची यादी, कुठून कुठे या तपशिलासह, असावी लागते. चार नावं टाइप करून ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

वैशालीनगर_इंदूर

दोघांचे मनापासून आभार, भत्त्याचं आणि गॅरेजचं डोक्यातच नव्हतं. पांढऱ्या नंबरच्या गाडीबद्दल कुणीच बोललं नाही. ओळखीचे आहेत, पैसे डिझेल आणि ड्रायव्हरपुरतेच घेतो म्हणतात.

परवाना_खिडकी

ती घेऊ नका. पैसे घेऊन प्रवासी नेणं हा भाड्याचा वापर आहे, रक्कम कितीही असो. कलम ६६ प्रमाणे त्याला परमिट लागतं आणि विनापरमिट चालवल्यास कलम १९२अ खाली १०,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दंड मालकाचा, पण गाडी अडकून पडली तर सासू-सासऱ्यांना घेऊन रस्त्यावर तुम्ही उभ्या राहणार. त्याहून मोठी बाब विम्याची. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि पैसे दिल्याचं समोर आलं तर कंपनी दावा नाकारू शकते. यात त्या ओळखीच्या माणसाचंही नुकसान आहे, हे त्यांना नीट समजावून सांगा.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी कुणी सुचवली तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची असते, ड्रायव्हरसकट टॅक्सी म्हणून नव्हे.

डिकी_किती_मोठी

भाड्याच्या बोलण्यात गाडी कुठली हे राहूनच गेलं. तुमच्या सामानाला सेडान पुरणार नाही.

आपल्याकडच्या बहुतेक सेडान टॅक्सी सीएनजीवर आहेत आणि डिकीत सिलिंडर असतो. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आणि एखादी पिशवी बसते. घडी केलेली व्हीलचेअर आडवी टाकायला जागाच राहत नाही. मग कॅरिअर लावतात, त्यावर दोरी, आणि आहेराची पेटी टपावर. चारशे किलोमीटर तसं नेऊ नका.

अर्टिगा सांगा, पण "पेट्रोल, मागची रांग पाडून" असं स्पष्ट सांगा. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटरची, शेवटची रांग पाडली की ५५० लिटर. एक जण पुढे, तिघं मधे, आणि मागे खुर्चीसकट सगळं सामान. सीएनजी अर्टिगात सिलिंडर शेवटच्या रांगेच्या मागे असल्यामुळे रांग पाडूनही तळ सपाट होत नाही, खुर्ची तिरकी राहते आणि वळणावर सरकते. किलोमीटरला दोन-तीन रुपये जास्त जातील, ते द्या.

सीएनजीची दुसरी अडचण वेळेची. नाशिकपर्यंत एकदा तरी भरावं लागतं, रांग असली तर पाऊण तास जातो. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं, म्हणजे सासऱ्यांनाही. सीएनजीच गाडी मिळाली तर निदान आदल्या रात्री टाकी भरून आणायला सांगा. सकाळी तुम्हाला बसवल्यावर पंपाच्या रांगेत नेणारे ड्रायव्हर बरेच आहेत.

सासऱ्यांना पुढची सीट द्या. मधल्या रांगेपेक्षा चढणं-उतरणं सोपं आणि पाय लांब करता येतात.

एबीरोडवरचा

अगदी बरोबर, अर्टिगाच घ्या. वरचा हिशोब १५ रुपये दराने पुन्हा मांडला तरी पाच दिवसांना निष्कर्ष तोच राहतो, फक्त एकतर्फीचा भाव नव्याने घ्या.

निमाड_खानदेश

रस्त्याचं. तीनला पोचायचं तर साडेसहाच्या आत निघा. टॅक्सीला ८० चा वेगमर्यादक असतो, त्यामुळे "सहा तासांत नेतो" म्हणणाऱ्यावर विश्वास नको. दोन थांबे धरून आठ तास मोजा.

राऊ, मानपूर, मग गणपती घाट. तिथल्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकचे फार अपघात व्हायचे, म्हणून उतरणाऱ्या वाहतुकीला वेगळा वळणरस्ता बांधून २०२४ च्या अखेरीस सुरू केला. ड्रायव्हर नव्या रस्त्यानेच उतरतो ना, बघा. पुढे धामनोद, खलघाटला नर्मदा, जुलवानिया, सेंधवा. पहिला मोठा थांबा सेंधव्याच्या अलीकडेच घ्या. त्यानंतर बिजासन घाट आणि सीमा, तिथे ट्रकची रांग लागली तर स्वच्छतागृह मिळत नाही. वृद्ध माणसं बरोबर असताना हे आधी ठरवावं लागतं.

पळासनेर, शिरपूर, तापी ओलांडून नरडाणा, सोनगीर, धुळे. दुसरा थांबा धुळ्याला. नंतर लळिंग, मालेगाव, आणि चांदवडच्या अलीकडे राहुड घाट. या सगळ्या रस्त्यात वेळ जाण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच, कारण एक ट्रक आडवा झाला की मागे काही किलोमीटर गाड्या तुंबतात. मालेगाव सोडण्याआधी नकाशावर घाट लाल दिसतो का ते बघा. लाल असेल तर मालेगावहून मनमाडला वळून चांदवडला परत हायवेवर येता येतं. रस्ता लहान आहे, पण गाडी चालती राहते.

टोलनाके सोनवाय, खलघाट, जामली, शिरपूर, सोनगीर, लळिंग, चांदवड, पिंपळगाव. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर यूपीआयने सव्वापट घेतात. टोल तुमच्याकडे असेल तर तो जास्तीचा भाग तुम्ही देऊ नका, टॅग भरलेला ठेवणं मालकाचं काम. हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३ या हेल्पलाइनला फोन करा.

वैशालीनगर_इंदूर

ठरलं, पेट्रोल अर्टिगा, दोन वेळा एकतर्फी. शेवटचा प्रश्न: परतीची गाडी इंदूरच्याच माणसाकडून घ्यावी की नाशिकहून?

एबीरोडवरचा

दोन्हीकडे विचारा. एमएच १५ ची एखादी गाडी नाशिकहून इंदूरला जाणारच असेल किंवा एमपी ०९ ची नाशिकहून रिकामी परतत असेल, तर "रिटर्न गाडी" म्हणून भाव बराच उतरतो. पण अशी गाडी तिच्या आधीच्या प्रवाशाच्या वेळेवर अवलंबून असते, चार तास इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणून जाताना, जेव्हा सीमांतपूजन गाठायचं आहे, तेव्हा रिटर्न गाडी नको. येताना घाई नसते, तेव्हा घ्या.

लग्नसराईत नाशिकहून निघणाऱ्या मोठ्या गाड्या लवकर संपतात. परतीची पक्की करणं हॉलवर पोचेपर्यंत लांबवू नका, जायच्या गाडीबरोबरच करा.

परवाना_खिडकी

आणि परतीच्या गाडीचा नंबरही आदल्या संध्याकाळी अ‍ॅपवर टाका. एमएच १५ ची असली तर तिलाही मध्य प्रदेशात शिरायला तेच ऑल इंडिया परमिट हवं.