'सामाजिक भान' चालेल का? पत्रकासाठी शब्द हवा आहे

पानसुपारी:
सायकोसिसची, म्हणजे खरं काय आणि मनातलं काय यातला फरक सुटतो त्या आजाराची, नुकतीच सुरुवात झालेल्या तरुण मुलांच्या घरच्यांना द्यायच्या एका पत्रकाचं मराठी करते आहे. भास, भ्रम, संशय इथवर सुरळीत झालं. गाडी अडली 'सोशल कॉग्निशन'पाशी. चेहरा, आवाज, नजर यांवरून समोरच्याच्या मनातलं ओळखणं, बोलण्यातली खोच कळणं, कोण मुद्दाम वागलं आणि कुणाकडून चुकून झालं ते ठरवणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मी 'सामाजिक भान' लिहिलं. पत्रक तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल पेनाने लिहिलंय, "पूरग्रस्तांना मदत करणं म्हणजे सामाजिक भान. पेशंटचा काय संबंध?" मुद्दा बरोबर आहे. मग काय लिहू?

शुद्धोदक:
'सामाजिक बोधन'. पाठ्यपुस्तकांत 'बोधनिक मानसशास्त्र' कधीचं आहे. घरात तयार शब्द असताना दारोदार कशाला हिंडायचं?

गवती चहा:
पाठ्यपुस्तकातला शब्द परीक्षा झाली की संपतो हो. 'मुलाच्या बोधनावर परिणाम झालाय' असं ऐकलं तर आमच्या काकू त्याला प्रवचनाला बसवतील. 'सामाजिक जाणीव'ही नको, ती साहित्य संमेलनवाल्यांनी कधीच नेली. माझं मत 'पोच'ला. पोचपावतीतली तीच पोच. समोरच्याने पाठवलं ते तुमच्यापर्यंत पोचलं की नाही, एवढाच तर प्रश्न आहे.

उंबरठा:
'पोच' कृपा करून नको. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजात असताना हा आजार सुरू झाला. त्याआधी वर्षभर नातेवाईक हेच म्हणत होते, "मुलाला काही पोच नाही." पाहुणे चपला घालून दारात उभे असायचे आणि हा त्यांना क्रिकेट सांगत बसायचा. तो शिष्टपणा नव्हता हे आम्हाला फार उशिरा कळलं. तीच शिवी आता पत्रकात छापणार?
दुसरं म्हणजे, पुढे उलटंच झालं. आईने जेवताना सहज विचारलं, "मीठ जास्त झालंय का रे?" त्याने ताट सरकवलं. ती आपल्याला काहीतरी सुचवतेय, अन्नात काहीतरी आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढे बरेच दिवस तो फक्त सोलून खायची फळं खायचा. तेव्हा त्याला काही पोचत नव्हतं असं नाही, कुणी न पाठवलेलंही पोचत होतं. पत्रकात 'क्षमता कमी होते' एवढंच लिहिलंत तर आमच्यासारख्यांना ते आपल्या घरातलं वाटणारच नाही.

बे एके बे:
उंबरठा यांनी नेमकं बोट ठेवलंय. संशोधनातही दोन्ही बाजू आहेत, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज न येणं आणि नको तितका येणं. मेंदूतला भीती आणि धोका टिपणारा भाग, अमिग्डला, काही रुग्णांत साध्या, निर्विकार चेहऱ्यालाही जोरात प्रतिसाद देतो. कानाच्या मागे-वर टेम्पोरल आणि परायटल लोब मिळतात तो भाग, आणि कपाळामागचा मधला भाग, ही दुसऱ्याच्या मनाचा विचार करताना कामाला लागणारी ठिकाणं. तिथलं कामही वेगळं पडलेलं दिसतं. हे औषधांमुळे किंवा वर्षानुवर्षांच्या आजारामुळे होतं असा समज असतो, पण आजार पहिल्यांदा उफाळतो तेव्हाच, काहींत त्याच्याही आधी, ते आढळतं. म्हणून उंबरठांचा 'त्याआधी वर्षभर' मला महत्त्वाचा वाटतो.
मोजायच्या चाचण्यांचंही भाषांतर सरळ होत नाही. एकीत आडून केलेली सूचना ओळखायची असते. आपल्याकडे 'बराच उशीर झाला नाही?' म्हणजे 'आता निघा', हे साहेबाच्या देशातल्या प्रश्नपत्रिकेत कुठून येणार? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी म्हणूनच भारतीय वळणाच्या चाचण्यांचा संच केला, 'सॉक्रेटिस' नावाचा. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

शुद्धोदक:
दुसऱ्याच्या मनातलं जाणण्याला आपल्याकडे शब्द आहे. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात 'परचित्तज्ञान' आलेलं आहे. भारदस्त आणि नेमका.

गवती चहा:
अहो, ती सिद्धी आहे! योग्याला संयम करून मिळते ती. आपला विषय आहे बायको नुसतं 'बरं' म्हणाली की पुढचे दोन तास गप्प बसायचं हे कळण्याचा.

शुद्धोदक:
चेष्टा सोपी असते. छिन्नमनस्कतेला, म्हणजे स्किझोफ्रेनियाला, 'दुभंग' म्हणून म्हणून लोकांनी त्याचा अर्थ 'एका माणसात दोन माणसं' असा करून टाकला. सोप्या शब्दाची किंमत अशी मोजावी लागते.

बे एके बे:
तो घोळ मूळ ग्रीक शब्दातच आहे, मराठीला बोल लावू नका. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1908 मध्ये 'स्किझोफ्रेनिया' म्हटलं, त्यात 'फाटलेलं मन' आहेच. जपानने 'मन फुटण्याचा आजार' हे नाव 2002 मध्ये अधिकृतपणे बदललं. कोरियानेही बदललं, तिथलं नवं नाव वाद्याच्या तारा जुळवण्यावरून घेतलंय. भारदस्तपणाने प्रश्न सुटत असता तर त्यांनी एवढी यातायात केली नसती.

पानसुपारी:
'ताडणे' वरून काही करता येईल? 'मनातलं ताडण्याची क्रिया'. ताडणं कमी पडतं, जास्तही होतं, चुकतंही. उंबरठांची दोन्ही उदाहरणं त्यात बसतात.

उंबरठा:
वाक्यात चालेल. "समोरच्याच्या मनातलं ताडताना गफलत होते" असं आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं. मथळ्याला मात्र नको. 'ताडन' म्हणजे मारणं.

नर्मदेतला गोटा:
उशिरा आलो. 'पोच'वरून आठवलं, आमची आजी 'पाचपोच' म्हणायची. "काही पाचपोच आहे की नाही मेल्या?" यातला 'पाच' कुठला? मला वाटतं पाच ज्ञानेंद्रियं, म्हणजे पाचांची पोच.

गवती चहा:
आकडा दिसला की तत्त्वज्ञान! हा साधा जोडशब्द आहे हो. आजूबाजूतल्या 'आजू'ला तरी कुठे अर्थ आहे?

नर्मदेतला गोटा:
'आजू'ला नसेल, 'पाच'ला आहे. आणि आपल्याकडे नादासाठी जोडलेला शब्द बहुधा मागे येतो. उरलंसुरलं, अघळपघळ.

शुद्धोदक:
अधूनमधून? आमनेसामने? नियम करण्याआधी चार उदाहरणं तपासावीत. तरीही पाच इंद्रियं मला पटत नाहीत, पंचांशी संबंध असू शकेल. पंचांत बसायची अक्कल ती पाचपोच.

पानसुपारी:
पत्रक उद्या छापायला जायचंय. मथळा अजून रिकामाच आहे.

नर्मदेतला गोटा:
पंच असते तर 'पंचपोच' झालं असतं, 'पाचपोच' कसं झालं? कोकणात किंवा विदर्भात कुणी वेगळा उच्चार ऐकलाय का?