धाकट्या मुलाची सीलिअ‍ॅकसाठी जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

दोघांची आई, पुणे:
माझ्या सात वर्षांच्या मुलीला गेल्या पावसाळ्यात सीलिअ‍ॅकचे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे, निदान झाले. त्याआधी दोन वर्षे तिचे पोट फुगत होते, उंची वाढत नव्हती आणि आम्ही जंतांचे औषध देत राहिलो. आता घरात गहू जवळजवळ बंद आहे. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली जाते म्हणून घरघंटी घेतली, आणि बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ असते हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले.

प्रश्न धाकट्याचा आहे. तो साडेतीन वर्षांचा असून त्याला कसलाही त्रास नाही. डॉक्टरांनी त्याची एचएलए, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित, जनुकांची तपासणी सुचवली आहे. ती करावी असे यजमानांचे मत आहे. सासूबाई म्हणतात, हसत्याखेळत्या पोराच्या अंगात रोग शोधायला कशाला जाता? मला दोघांचेही पटते आणि तीच अडचण आहे. ‘जोखीम आहे’ असा अहवाल आला, तर त्यानंतर त्याच्या प्रत्येक पोटदुखीकडे मी कोणत्या नजरेने पाहीन, याची मला धास्ती वाटते. ज्यांनी मुलांची ही तपासणी करून घेतली आहे, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

माल्मोकर:
माझी मुलगी २००९ साली दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतात जन्मली, तेव्हा नाळेतील रक्त तपासण्यास आम्ही फारसा विचार न करता संमती दिली होती. टेडी नावाचा हा अभ्यास स्वीडन, फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेत चालला. त्याचा मूळ रोख बालपणीच्या टाइप १ मधुमेहावर होता, परंतु दोन्ही आजारांच्या जोखमीची जनुके बऱ्याच अंशी एकच असल्याने सीलिअ‍ॅकचीही पाहणी होत असे. आपली मुलगी जोखमीच्या गटात येईल असे वाटलेच नव्हते, ती आली. मग चार वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे, त्यानंतर सहा महिन्यांनी, आणि दुसऱ्या वर्षापासून सीलिअ‍ॅकची रक्तातील प्रतिपिंडेही (अँटिबॉडीज) पाहायची, असा क्रम सुरू झाला.

भीती रोज नसे. तपासणीची तारीख जवळ आली की ती येई आणि निकाल आला की जाई. साताऱ्याला आईला फोनवर ‘जोखीम’ हा शब्द समजावता समजावता मी थकले. तिच्या लेखी नात आजारीच होती आणि सुट्टीत गेल्यावर ती पुरणपोळी वाढताना हात आखडता घ्यायची. मुलगी आता पंधरा वर्षांच्या पुढे आहे आणि तिला सीलिअ‍ॅक झालेला नाही. तरीही मी पुन्हा संमती दिली असती, कारण आमच्यामागे ओळखीची परिचारिका आणि ठरलेली तारीख होती. नुसता कागद हाती देऊन घरी पाठवले असते, तर मात्र नको म्हटले असते.

जीवशास्त्राचा शिक्षक, नागपूर:
ताई, अहवालाचा अर्थ आधी नीट समजून घ्या, कारण गोंधळ तिथेच होतो. एचएलएचे डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी कोणतेच जोखमीचे जनुक नसेल, तर सीलिअ‍ॅक होण्याची शक्यता जवळजवळ संपते. असेल, तर मात्र फार थोडे कळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ही जनुके उत्तरेत, ईशान्येत आणि दक्षिणेत साधारण सारख्याच, म्हणजे तिघांपैकी सुमारे एकात या प्रमाणात आढळली. पण प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत केवळ ०.१० टक्के लोकांत सापडली. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम होता. तेव्हा जनुक असणे म्हणजे रोग असणे नव्हे. डीक्यू२च्या प्रती एक की दोन, हे मात्र अवश्य विचारा: टेडीमध्ये पाचव्या वर्षापर्यंत एक प्रत असलेल्या मुलांपैकी सुमारे ३ टक्क्यांना, तर दोन प्रती असलेल्यांपैकी ११ टक्क्यांना सीलिअ‍ॅक झाला होता.

दुसरी गोष्ट तुमच्या घरापुरती अधिक महत्त्वाची आहे. प्रतिपिंडांची तपासणी मूल नियमित गहू खात असेल तरच भरवशाची असते, आणि धाकटा आता बहिणीच्याच ताटातले खात असणार. जनुकीय तपासणीला आहाराची अट नसते. धसक्याने त्याचा गहू आधीच तोडला असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा.

एक बाप, नाशिक:
आमच्या थोरल्याचा अहवाल नकारार्थी आला आणि आम्ही सुटलो असे वाटले. त्याच संध्याकाळी सीलिअ‍ॅक असलेल्या धाकटीने विचारले, “दादाला नाही, मग मलाच का?” त्या प्रश्नाची तयारी आमच्यापैकी कोणीच केली नव्हती. शिवाय हे कुणाच्या घराण्यातून आले, याची चर्चा नातेवाईक सुरू करतील. पहिल्याच दिवशी ती बंद पाडा, कारण जनुकांपैकी निम्मी आईकडून आणि निम्मी वडिलांकडून येतात आणि त्यात कुणाचाही अपराध नाही.

पण मला वेगळेच विचारायचे आहे. मुलीच्या आजारामुळे जोखीम भावंडांना असते तशी आईवडिलांनाही असते. तुम्ही सारे धाकट्याबद्दल बोलत आहात. तुमचे स्वतःचे रक्त कुणी तपासले आहे काय?

दोघांची आई, पुणे:
सर्वांची मनापासून आभारी आहे. धाकट्याची जनुकीय तपासणी करायचे ठरले आहे. ‘नाही’ असे उत्तर आले, तर त्याला वारंवार सुई टोचावी लागणार नाही, हे सासूबाईंनाही पटले. तो पाळणाघरात रोज पोळी खातो, त्यामुळे गरज पडल्यास प्रतिपिंडेही पाहता येतील, असे डॉक्टर म्हणाले.

नाशिकच्या दादांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसले. माझे हिमोग्लोबिन लग्नाआधीपासून नऊच्या पुढे जात नाही आणि लोहाच्या गोळ्या मी बाळंतपणातल्या सवयीने खात आले आहे. शनिवारी आम्ही दोघांनीही रक्त दिले. अहवाल गुरुवारी मिळणार आहे आणि तोपर्यंत मी सकाळी मुद्दाम पोळी खाते आहे.